घरच्या मेंढीच्या लोकरीचा गालिचा : कातरणीपासून भिंतीवर टांगेपर्यंत, कोणतं काम कशाच्या आधी

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे घरी दहा-पंधरा मेंढ्या राखणारी बरीच कुटुंबं आहेत. शेतात ठेलारी मेंढपाळांचे वाडे बसतात, तिथूनही लोकर सहज मिळते. ती वाया जाऊ नये म्हणून अनेक जण हौसेने विणायला बसतात आणि दोन-तीन ठरलेल्या ठिकाणी अडकतात. गालिचा मधेच अरुंद होतो, धुतला की गोळा होतो, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्याला कसर लागते. दोष मागाला दिला जातो. खरं तर यातली बहुतेक कामं मागावर बसण्याच्या कितीतरी आधी बिघडलेली असतात. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि विणीला त्यामानाने कमी.

आधी एक गोष्ट पक्की मनात धरा. आपल्याकडची दख्खनी मेंढी जाडसर, केसाळ लोकर देते. तिची शाल अंगाला टोचते, पण जमिनीवर अंथरायला आणि भिंतीवर टांगायला ती उत्तम, कारण तिच्यात ताठरपणा आहे आणि घासली तरी ती लवकर झिजत नाही. तिला मऊ करण्याच्या खटपटीत पडू नका. इथे सांगितलेली रीत सपाट विणीच्या, उभे धागे पूर्ण झाकून टाकणाऱ्या गालिच्याची आहे. गाठी मारून केसाळ केलेल्या गालिच्याची रीत वेगळी असते.

टप्पा 1 : माप आणि हिशेब

लोकर कातरण्याआधी काय विणायचं ते ठरवा. पहिलं काम दीड फूट बाय दोन फुटांचं वॉल हँगिंग असावं, त्यानंतर तीन बाय पाच फुटांचा गालिचा. ही पायरी गाळून थेट मोठ्या गालिच्यावर उडी मारणाऱ्यांचं काम हमखास अर्धवट राहतं.

माझा ठोकताळा असा : तयार गालिच्याच्या दर चौरस फुटाला 170 ते 200 ग्रॅम कातलेलं लोकरीचं सूत लागतं. तीन बाय पाच म्हणजे 15 चौरस फूट, त्याला अडीच ते तीन किलो सूत. कच्ची लोकर त्याच्या दुप्पट धरा, कारण माती, लेंड्या, कुसळं, आखूड तुकडे आणि पिंजताना पडणारा चुरा यांत बरंच वजन जातं. म्हणजे सहा किलोच्या आसपास. दख्खनी मेंढी वर्षाला साधारण अर्धा किलो लोकर देते, तेव्हा एका गालिच्यामागे डझनभर मेंढ्या आल्या. घरी सहाच मेंढ्या असतील तर दोन वर्षांची लोकर साठवा, नाहीतर शेजारच्या वाड्यावरून त्याच रंगाची लोकर आणा.

हंगामही पाहून ठेवा. दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो, विहिरींना पाणी असतं, मेंढीचं अंग कोरडं असतं. कातरायचं आणि धुवायचं काम तेव्हा उरका. पिंजणं आणि कातणं थंडीत करा. पळसाची फुलं होळीला मिळतात, रंगकाम तेव्हा. धुण्याचं काम उन्हाळ्यावर ढकललं की पाण्याची ओढाताण होते आणि मग लोकर अर्धवट धुतली जाते.

टप्पा 2 : कातरणी

कातरायच्या दोन दिवस आधी मेंढ्यांना वाहत्या पाण्यात धुवा आणि पूर्ण सुकू द्या. त्या दोन दिवसांत त्यांना धुळीच्या रस्त्यावर किंवा गोखरू, आघाडा, कुसळी गवत माजलेल्या रानात सोडू नका. एकदा लोकरीत शिरलेलं कुसळ वेचायला जो वेळ जातो त्याच्या निम्म्या वेळात मेंढीला दुसऱ्या रानात नेऊन आणता येतं.

कातरण्याआधी पाठीवरची एक बट दोन बोटांत धरून मोजा. ती दोन इंचांपेक्षा आखूड असेल तर थांबा, त्या लोकरीचं सूत टिकत नाही. मग बट कापून दोन्ही टोकं धरून झटक्याने ओढा आणि कान लावून ऐका. खणखणीत आवाज आला तर लोकर सशक्त. तडतडून मधेच तुटली तर मेंढी आजारी पडून गेली असेल किंवा दुष्काळात उपाशी राहिली असेल, त्यामुळे केस त्या जागी बारीक झालेला असतो. अशी लोकर ताण्याला, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांना, चालत नाही.

कातर अंगालगत ठेवून एकाच फटक्यात कापा. पहिल्यांदा वर कापलं गेलं म्हणून त्याच जागी पुन्हा कातर फिरवू नका. त्याने अर्ध्या इंचाचे तुकडे पडतात, ते सुतात गाठी होऊन बसतात आणि गालिच्यातून वर्षभर झडत राहतात. कुठे लोकर उंच राहिली तर राहू द्या, मेंढी देखणी दिसणं हा इथला हेतू नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची लोकर वेगळ्या पिशवीत ठेवा, वॉल हँगिंगमधल्या बारीक कामाला ती लागेल.

*सावधान :* अचानक मेलेल्या मेंढीची लोकर कधीही वापरू नका. काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) जंतू लोकरीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि माणसालाही मारतात. तसंच गोचिडांवर औषध फवारल्यानंतर लगेच कातरू नका. किती दिवस थांबायचं ते बाटलीवर पाहा किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. भर थंडीतही कातरणी टाळा. जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकड्यावर येतो, उघडी मेंढी गारठून दगावू शकते.

टप्पा 3 : निवड, धुण्याच्या आधीच

सर्वांत जास्त चुकणारी पायरी हीच. लोक सगळी लोकर गोणीत भरतात, धुतात आणि मग निवडायला बसतात. ओल्या लोकरीत लेंड्या विरघळून डाग पसरवतात, कुसळं घट्ट अडकतात आणि पोटाची आखूड लोकर पाठीच्या लांब लोकरीत अशी मिसळते की पुन्हा वेगळी होत नाही.

सुंभाची बाज अंगणात सावलीत टाका, तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा आणि त्यावर लोकर पसरून हलक्या हाताने झटका. माती आणि आखूड चुरा सुंभाच्या फटींतून खाली पडतो. मग ढीग करा :

1. खांदे आणि कुशी : सर्वांत लांब, सारखी, स्वच्छ. गालिच्याचा मुख्य भाग हिचाच.
2. पाठ : उन्हाने शेंड्याला तांबूस झालेली, वाळू भरलेली. लांबी बरी असेल तर वेगळी धुवा, गडद पट्ट्यांना चालते.
3. मान, पोट, मांड्या : आखूड, गुंतलेली. उशीत किंवा गादीत भरा, सुतात घालू नका.
4. लेंड्या चिकटलेली, कडक गुठळ्या झालेली : थेट उकिरड्यावर. खत चांगलं होतं.

प्रत्येक ढीग पुन्हा रंगाने वेगळा : काळा, करडा, पांढरा. दख्खनी मेंढीत काळा आणि करडा जास्त, पांढरा कमी. म्हणून पांढऱ्याचा एकही झुपका काळ्यात जाऊ देऊ नका, रंग चढवायला पुढे तोच लागणार आहे.

*तपासणी :* पहिल्या ढिगातून मूठभर लोकर घेऊन बाजेवर झटका. खाली माती पडत असेल तर अजून झटकायला हवं. जितकी माती इथे जाईल तितकं पाणी पुढे वाचेल.

टप्पा 4 : धुणं

लोकर धुणं आणि कपडे धुणं यांत काहीच साम्य नाही. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. पाणी गरम असताना चोळलं, पिळलं, किंवा गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात टाकलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट बसलेला गोळा, होतो. तो पुन्हा सुटत नाही.

कांद्याच्या जाळीदार गोण्या घ्या. एका गोणीत पाव ते अर्धा किलो लोकर सैल भरा आणि तोंड बांधा. यापुढे हात लोकरीला लावायचा नाही, गोणीलाच लावायचा.

*पहिलं पाणी :* गोण्या साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. मेंढीचा वाळलेला घाम याच पाण्यात उतरतो. त्यात पालाशाचे (पोटॅशचे) क्षार असतात, तेव्हा हे काळं पाणी गटारात न सोडता केळीच्या किंवा लिंबाच्या बुंध्याला घाला.

*दुसरं पाणी :* एक किलो लोकरीला 20 ते 25 लिटर पाणी, तापमान 55 ते 60 अंश. साधा थर्मामीटर विकत घ्या, अंदाजावर जाऊ नका. त्यात रिठ्याचं पाणी किंवा सौम्य द्रव साबण मिसळा, मग गोण्या हलकेच दाबून बुडवा आणि 20 मिनिटं हात न लावता राहू द्या. रिठ्यासाठी किलोमागे शंभरेक ग्रॅम टरफलं रात्री भिजवून सकाळी उकळून गाळून घ्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. पांढऱ्या लोकरीला रिठ्याने हलकी पिवळट झाक येते, म्हणून तिच्यासाठी द्रव साबण बरा.

*तिसरं पाणी :* तितकंच गरम, साबण कमी. पाणी 45 अंशांखाली येण्याआधी गोण्या बाहेर काढा, नाहीतर सुटलेली चिकटी पुन्हा लोकरीवर बसते.

*खळबळणं :* दोन वेळा साध्या पाण्यात. पहिलं पाणी आधीच्या इतकंच कोमट, दुसरं त्याहून थोडं गार. तापमान पायरी-पायरीने उतरवा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. वडीचा साबण त्यात फेसत नाही, उलट त्याचा साका होऊन केसाकेसाला चिकटतो. लोकर धुऊनही मेणचट वाटत असेल तर कारण हेच. विहिरीचं मऊ पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर वडी वापरूच नका.

*सावधान :* धुण्याचा सोडा आणि ब्लीच लोकरीपासून दूर ठेवा. कापूस त्यात टिकतो, लोकर टिकत नाही. सोड्याने ती पिवळी आणि ठिसूळ पडते, तीव्र ब्लीचमध्ये तर विरघळून जाते.

पिळू नका. गोणी झाडाला किंवा दोरीला टांगून निथळू द्या, मग सावलीत बाजेवर पसरा. एप्रिल-मेमध्ये भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो. त्या उन्हात लोकर करकरीत होते आणि पिंजताना तुटते.

*तपासणी :* पूर्ण सुकलेला झुपका वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये दाबून धरा. कागदावर तेलकट डाग उमटला तर एक धुणं बाकी आहे. डाग नसेल आणि झुपका सोडल्यावर परत फुगत असेल तर पुढे चला.

टप्पा 5 : एकत्र करणं आणि पिंजणं

एका गालिच्याला लागणारी सगळी लोकर एकाच दिवशी समोर आणा. काळी लोकरही प्रत्येक मेंढीची वेगळी असते : कुणाची निळसर, कुणाची तांबूस. एक मेंढी संपवून दुसरी घेतली की गालिच्यात नको तिथे पट्टे दिसतात. प्रत्येक मेंढीची मूठ-मूठ घेत थरावर थर रचा आणि पिंजायला घेताना ढीग वरून खाली उभा तोडा.

हाताने प्रत्येक झुपका उकला. राहिलेली कुसळं आत्ताच पडतील. मग तारेचे दोन ब्रश घ्या. लोकरीचे मिळाले नाहीत तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे ब्रश चालतात. थोडी लोकर एका ब्रशवर लावा, दुसरा ब्रश वरून हलकेच ओढा. तारांच्या बुडात ब्रश रुतवू नका, तारा तारांना लागल्या की केस तुटतो. तीन-चार वेळा इकडून तिकडे झाली की लोकर उतरवून तिचा पेळू, म्हणजे कातायची सैल वळी, वळा.

खान्देशातल्या कोरड्या वाऱ्यात लोकर उडते, हाताला आणि कपड्याला चिकटते. आदल्या रात्री तिच्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, पाण्यात खोबरेलाचे चार थेंब टाका आणि कापडात गुंडाळून ठेवा. सकाळी ती वठणीवर आलेली असते.

टप्पा 6 : कातणं

विणायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट कातायला लागतो. घरातल्या दोघी-तिघी कातायला बसल्या तर एकीचा माग चालतो. हे गणित आधी कळलं नाही की अर्धा गालिचा विणून झाल्यावर सूत संपतं, घाईत कातलेलं जाड-बारीक सूत वर चढतं आणि जोड उघडा दिसतो. सगळं सूत कातून, दुपदरी करून, धुऊन, वजन करून झाल्याशिवाय ताणा लावू नका.

60 ते 80 ग्रॅमची टकळी जाड सुताला बरी. कापसाचा चरखा असेल तर चाक अगदी संथ फिरवा. तो बारीक सुतासाठी बनलेला असतो, त्यावर लोकरीला पटकन जास्त पीळ बसतो. जास्त पिळाचं सूत ताठ होतं, गालिच्यात नीट दबत नाही आणि खालचा ताणा दिसू लागतो. कमी पिळाचं असेल तर पायाखाली केस सुटतात.

एकेरी सूत उजवीकडे पीळ देऊन काता, मग दोन सुतं एकत्र करून डावीकडे पीळ द्या. दुपदरी सूत जास्त टिकतं. वॉल हँगिंगला एकेरी चालेल, त्याच्यावर कुणी चालणार नसतं.

*तपासणी :* तयार सूत पट्टीवर एका इंचात शेजारी-शेजारी गुंडाळा, दाबू नका. सात ते आठ वेढे बसले पाहिजेत, म्हणजे सूत साधारण तीन मिलिमीटर जाड. चांगलं जमलेलं एक वीतभर सूत पुठ्ठ्यावर चिकटवून समोर ठेवा आणि दर पेळूला त्याच्याशी ताडून पाहा. रोज बसणाऱ्याचाही हात नकळत बारीक होत जातो.

सुताच्या लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि खाली हलकं वजन अडकवून टांगा. पीळ पक्का बसतो. लड सुकल्यावर हातात धरली असता स्वतःभोवती गुरफटली तर दुपदरी करताना पीळ कमी-जास्त झालेला आहे.

टप्पा 7 : रंग, हवा असेल तरच

काळा, करडा आणि पांढरा हे तीन रंग मेंढीच देते आणि त्यांवर सुंदर नक्षी होते. पहिलं काम बिनरंगाचं करा, असं मी आग्रहाने सांगेन.

रंगवायचंच असेल तर पांढऱ्या लडी घ्या. सुक्या लोकरीच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के तुरटी स्टीलच्या मोठ्या पातेल्यात कोमट पाण्यात विरघळवा, ओल्या लडी बुडवा, पाऊण तासात 80-85 अंशांपर्यंत न्या, तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. सगळ्या लडींना तुरटी एकाच वेळी द्या. त्यानंतर रंग :

पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी येतो, फुलं सुतापेक्षा दुप्पट. साक्री भागात डाळिंबं भरपूर, त्यांच्या सालीचा पिवळट खाकी रंग पक्का बसतो. मंजिष्ठाचा लाल हवा असेल तर पाणी 70 अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर तो विटकरी-तपकिरी होतो. हिराकस (लोहाचा क्षार) टाकला की हे सगळे रंग गडद होतात, पण तो लोकरीच्या 2 ते 4 टक्क्यांपेक्षा जास्त नको, केस कमजोर होतो. हळदीचा रंग पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतो आणि उजेडात झपाट्याने उडतो, भिंतीवरच्या कामाला तो नकोच.

*सावधान :* रंगाची पातेली, चमचे, गाळणी स्वयंपाकात पुन्हा वापरू नका. हिराकसाचं पाणी जनावरांच्या हौदाजवळ ओतू नका.

टप्पा 8 : चौकट आणि ताणा

घरच्या कामाला खड्डामागाची गरज नाही. सागाची किंवा लोखंडी पाइपाची उभी चौकट भिंतीला टेकवून भागतं. पाच फुटांच्या गालिच्याला आतली उंची सात फूट हवी. वरचे काही इंच विणता येत नाहीत, तिथे धागे उघडायलाच जागा उरत नाही. वरची-खालची आडवी दांडी वाकणारी नसावी. दीड-दोनशे धाग्यांचा एकत्र ताण फार असतो, बांबू मधे वाकतो आणि मधले धागे ढिले पडतात.

ताणा सुती घ्या, दरीला वापरतात तो पक्क्या पिळाचा बहुपदरी दोरा, साधारण दोन मिलिमीटर जाड. खान्देशात सुताची ददात नाही. सुतळी घेऊ नका, ती ताणाखाली कातरते. घरच्या केसाळ लोकरीचा ताणा होतो, पण एकमेकांत अडकणारे धागे सांभाळणं नवशिक्याला जड जातं.

एका इंचात पाच उभे धागे. यामागचा नियम लक्षात ठेवा : दोन उभ्या धाग्यांमधली मोकळी जागा बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या, जाडीइतकी असावी. पाच धाग्यांना प्रत्येकी पाच मिलिमीटर मिळतात, त्यातले दोन ताण्याचे, उरले तीन, आणि आपलं सूत तीनचंच आहे. धागे दाट झाले तर ते झाकले जात नाहीत, विरळ झाले तर गालिचा लुळा पडतो. सूत वेगळ्या जाडीचं झालं असेल तर इथे हिशेब बदला.

तीन फुटांना 180 धागे, दोन्ही कडांना दोन-दोन जास्त, म्हणजे 184. प्रत्येकी सात फूट धरून 393 मीटर होतात, साडेचारशे आणा. दोन्ही दांड्यांवर दर इंचाला पेन्सिलने खूण करा. दोरा खालच्या दांडीवर बांधा आणि वर-खाली नेताना एकदा दांडीच्या पुढून, एकदा मागून, असा आठच्या आकड्यात फिरवा. मधे आपोआप फुली तयार होते आणि धाग्यांचा क्रम चुकत नाही. कडेचे दोन-दोन धागे जोडीने धरायचे, कडेला जास्त मार बसतो.

फुलीच्या वरच्या बाजूला एक चपटी पट्टी घाला. ती उभी केली की एक आड एक धागे पुढे येतात. उरलेल्या धाग्यांना सुती दोरीचे सारख्या मापाचे फास घालून ते एका काठीला बांधा, काठी ओढली की तेवढे पुढे येतील. फास लहान-मोठे झाले तर काही धागे अर्धेच येतात आणि विणीत चुकलेली घरं दिसतात. म्हणून सगळे फास एकाच पुठ्ठ्यावर मोजून करा.

*तपासणी :* डोळे मिटून तळहात ताण्यावरून आडवा फिरवा. ढिला धागा डोळ्यांआधी हाताला कळतो. मग बोटाने छेडा, सगळे एकतारीच्या तारेसारखे सारखे वाजले पाहिजेत. ढिल्या धाग्याखाली दांडीजवळ पुठ्ठ्याची पातळ चकती सारा.

टप्पा 9 : वीण

खालून सुरुवात करा. तळाला तीन-चार इंच ताणा मोकळा सोडा, तो नंतर गाठींना लागेल. मग जाड चिंध्यांच्या तीन-चार ओळी घाला, त्यांनी उभे धागे सारख्या अंतरावर येतात आणि शेवटी त्या काढायच्या असतात. त्यावर ताण्याच्याच सुती दोऱ्याच्या चार ओळी आणि मग लोकर. आत्ताच रुंदी मोजा आणि त्या मापाची काठी कापून घ्या. यापुढे दर दोन इंचांनी ती काठी विणीवर आडवी धरायची.

गालिचा मधे का आक्रसतो, तर बाणा कडेपासून कडेपर्यंत सरळ ओढला जातो म्हणून. आडव्या सुताला प्रत्येक उभ्या धाग्याच्या पुढून-मागून वळसा घ्यायचा असतो. सरळ टाकलेल्या सुतात त्या वळशांपुरती लांबी नसते, मग ते कडा आत ओढून ती भरून काढतं. एक ओळ फक्त केसभर ओढते, पण शंभर ओळींनी तीन फुटांचे अडीच होतात.

म्हणून प्रत्येक ओळ अशी घाला. सूत आत सरकवा, कडेला फक्त टेकवा, ओढू नका. आडवं सूत विणीपासून तिरपं वर न्या. मग बोटाने सहा-आठ इंचांवर खाली दाबत जा, म्हणजे दीड-दोन इंच उंचीच्या कमानींची रांग तयार होईल. आता धागे बदला (पुढचे मागे, मागचे पुढे), कमानी पंजाने, म्हणजे ठोकायच्या दातेरी फणीने, आधी मधे, मग दोन्ही बाजूंना हळूहळू खाली ठोका. सूत आपल्याला हवी तितकी लांबी घेऊन खाली बसतं. कडेला सुताचा लोंबता फास राहिला तर कमान उंच झाली, कड आत गेली तर कमान कमी पडली. दोन-तीन इंच विणले की हाताला माप येतं.

तीन फुटांत अर्धा इंच आत गेलं तर चालतं. त्याहून जास्त गेलं तर पुढे विणून सावरण्याचा प्रयत्न करू नका, उसवा. सावरलेली जागा कंबरेसारखी कायम दिसते.

पंजाचे ठोके सारख्या जोराचे हवेत. सकाळी ताज्या हाताने आणि संध्याकाळी थकलेल्या हाताने केलेलं काम वेगळं दिसतं. खूण म्हणून दर इंचात किती ओळी बसतात ते मोजा आणि तो आकडा पाळा.

सुताचे जोड कडेला देऊ नका. कडेपासून चार-पाच इंच आत, जुन्या सुताचं टोक विरळ करून नवीन टोक त्यावर दोन इंच चढवा. एकाखाली एक जोड आले की तिथे फुगवटा येतो, जागा बदलत राहा.

वॉल हँगिंगमध्ये नक्षीसाठी दोन रंग एका ओळीत येतात. प्रत्येक रंगाची स्वतंत्र गुंडी, आणि रंग जिथे भेटतात तिथून दोन्ही परत फिरतात. तिथे उभी फट राहते. फट इंचाच्या आत असेल तर नक्षीला उठाव देते, त्याहून लांब असेल तर दोन्ही सुतं एकमेकांत अडकवून परत फिरवा, नाहीतर टांगल्यावर ती उघडी पडते. गालिच्यात फट अजिबात नको, पायाचं बोट अडकतं. तिरपी नक्षी सर्वांत सोपी, तिच्यात फट पडतच नाही. शंकरपाळे आणि पायऱ्या इथून सुरुवात करा, चेहरे आणि अक्षरं नंतर.

टप्पा 10 : उतरवणं आणि कडा

शेवटच्या चार ओळी पुन्हा सुती दोऱ्याच्या. कापायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाहा, मागावर दुरुस्ती सोपी असते. मग चार-चार धागे एका वेळी कापा आणि लगेच विणीला चिकटून गाठ मारा. सगळे धागे एकदम कापले की पहिल्या ओळी सुटू लागतात. दुसऱ्या टोकाच्या चिंध्या गाठ मारताना थोड्या-थोड्या काढत जा.

गालिचा जमिनीवर उलटा पसरा, ओलसर जाड कापड वर टाका आणि गरम इस्त्री दाबून उचलत जा, घासू नका. कडा चौकोनात ओढून वजनं ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत हलवू नका. गुळगुळीत फरशीवर गालिचा सरकतो, खाली रबरी जाळी हवीच, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर.

वॉल हँगिंगच्या मागे वरच्या कडेला तीन इंच रुंद सुती पट्टी शिवून तिच्यातून काठी घाला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर पडतं. दोन खिळ्यांना दोन कोपरे अडकवले की मधला भाग लोंबतो. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि दुपारचं ऊन येतं त्या भिंतीवर टांगू नका. काठी भिंतीपासून बोटभर पुढे राहील असे आकडे लावा, मागे हवा खेळती राहते.

टप्पा 11 : कसर आणि पावसाळा

कसर अंधारात, न हलवलेल्या जागी लागते. सोफ्याखाली गेलेला भाग आणि भिंतीकडची बाजू, खाल्लेली आढळते ती तिथेच. पंधरा दिवसांनी गालिचा उचलून उलटा झटका, महिन्याने जागा बदला. कडुनिंबाच्या पाल्यावर विसंबू नका. बारीक पांढऱ्या जाळ्या किंवा वाळूसारखे दाणे दिसले तर समजा, कसर आली. छोटं काम असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मोठा गालिचा कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा आणि ब्रशने घासा. अंडी घासल्याशिवाय पडत नाहीत.

डाग पडला तर आधी सुक्या कापडाने टिपा, मग गार पाण्याने. गरम पाणी आणि चोळणं इथेही वर्ज्य.

पावसाळ्यात वापरायचा नसेल तर मृगाच्या आधी पूर्ण सुकवून, झटकून, काठीभोवती गुंडाळा. घडी घालू नका, घडीवर ताणा मोडतो. जुन्या सुती चादरीत बांधून उंचावर ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल अडकते. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी एकदा उलगडून पाहा.